हौशीचे सूत, विणकराचा माग

संमेलनाच्या तयारीसाठी आपला व्हॉट्सअ‍ॅप गट सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्यात दोन पक्ष पडले. मांडव, जेवण, गाणी, फोटो, ही स्मरणिका, सगळे "आपणच करून घेऊ ना बाप्पा" म्हणणारा एक पक्ष, आणि "ज्याचे काम त्याला द्या आणि मोकळे व्हा" म्हणणारा दुसरा. शेवटी तडजोड झाली. जेवण आचाऱ्याचे, गाणी आपली. म्हणजे जिथे बिघडले तर सगळे उपाशी राहतील तिथे कसबी माणूस, आणि जिथे सूर गेला तर फार तर सर आणि बाई हसतील तिथे हौशी. समितीने हा निर्णय दहा मिनिटांत घेतला. पण हौशी आणि कसबी यांच्यातला फरक त्यात नेमका सापडला आहे, असे मला वाटते. बिघडलेल्या कामाची किंमत कोण मोजतो, हा तो फरक.

याच प्रश्नाभोवती आपल्या नागपुरात आणि शेजारच्या वर्ध्यात साठ वर्षे एक मोठी गोष्ट घडत होती. तिचे एक टोक जुम्मा तलावाकाठच्या गिरणीत आहे आणि दुसरे आपल्या कार्यानुभवाच्या तासात. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, इंजिनिअर आहे. तरीही आपल्या गावाची ही गोष्ट आपल्याला शाळेत कुणी एकसलग सांगितली नव्हती, म्हणून ती इथे लिहिते.

सुरुवात विणकरांपासून करायला हवी, कारण ते सगळ्यांच्या आधी होते. भोसल्यांच्या काळापासून नागपूर विणकरांचे गाव. कोष्टी, हलबा आणि मोमिन या समाजांनी पिढ्यान् पिढ्या इथे माग चालवले. तांडापेठ, पाचपावली, नाईक तलाव, गोळीबार चौक, मोमिनपुरा या वस्त्या मागाच्या खटखटीवर जाग्या व्हायच्या. पलीकडे कामठी, आणि बाहेर उमरेड, पवनी, भंडारा. रेशीमकाठी धोतरे आणि नऊवारी लुगडी ही या पट्ट्याची ओळख.

विणकाम हे एका माणसाचे काम कधीच नव्हते. सूत लडीवरून उलगडायचे, ताणा लावायचा, मग पांजणी, म्हणजे ताणलेल्या सुताला खळ लावून ते कुंचल्याने सारखे करायचे. बाण्यासाठी कांड्या भरायच्या. हे बहुतेक घरातल्या बायांचे आणि मुलांचे काम, आणि त्याचा वेगळा पैसा कुणी देत नसे. मग एकेक धागा फणीतून ओवायचा आणि तेव्हा कुठे विणकर खड्ड्यातल्या मागावर बसायचा. यात प्रत्येक हात आधीच्या हातावर अवलंबून असतो. पांजणी कच्ची राहिली तर ताणा फणीत घासून तुटतो. कांडी सैल भरली तर धोटा मध्येच अडकतो. चूक एकाकडे होते, वेळ दुसऱ्याचा जातो. आणि विणकराला मजुरी कापडाच्या वारावर मिळते. धागा जोडण्यात गेलेल्या वेळेचे त्याला कुणी काही देत नाही.

अशा गावात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून नाव एम्प्रेस मिल. गिरणी ज्या कंपनीची, ती 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' १८७४ मध्ये निघाली होती. सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग एवढा पहिला पसारा. जुम्मा तलावाजवळची ती दलदलीची जागा पाहून इथल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, सोने मातीत कशाला घालायचे म्हणून, आणि पुढे आपलेच चुकले अशी कबुली दिली, ही गोष्ट टाटांच्या चरित्रात आहे.

या गिरणीचा पहिला व्यवस्थापक कापडधंद्यातला नव्हता. बेझनजी दादाभाई मेहता हे जीआयपी रेल्वेत मालवाहतुकीचे काम पाहणारे गृहस्थ. आपण ज्या बेझनबागेत क्रिकेट खेळायला जायचो, तिचे नाव त्यांच्यावरून आले. चातीचा आणि त्यांचा तोवर संबंध आलेला नव्हता. आजच्या भाषेत बोलायचे तर कपडा गिरणीच्या प्रमुखपदी एक हौशी माणूस बसवला. पण त्यांच्या शेजारी जेम्स ब्रुक्सबी हा लँकेशायरचा तंत्रज्ञ होता. मेहतांनी माणसे, माल आणि हिशेब सांभाळले, यंत्राची बाजू ब्रुक्सबींनी. सुरुवातीची यंत्रे फार चांगली नव्हती, सूतही चांगले निघेना, आणि ती यंत्रे लवकरच बदलावी लागली. कापसाचे काही न शिकता आलेले मेहता पुढे अनेक वर्षे त्या गिरणीचे सर्वेसर्वा राहिले आणि 'सर' झाले.

त्यांना हौशी म्हणावे का? पहिल्या दिवशी, हो. पण त्या गिरणीच्या नफ्यातोट्याशी त्यांचा संसार बांधला गेला होता. खराब सुताची गाठोडी बाजारातून परत आली की त्याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागे. अशा स्थितीत माणूस फार दिवस हौशी राहू शकत नाही.

१८८३ मध्ये एम्प्रेस मिलने रिंग पद्धतीच्या दोन साच्यांची चाचणी घेतली. तोवर बारीक सुतासाठी म्यूल नावाचे यंत्र वापरात होते. त्याचा गाडा पुढेमागे होत सूत ओढतो आणि गुंडाळतो, आणि ते सांभाळायला मुरलेला हात लागतो. लँकेशायरमध्ये म्यूलवरचे कामगार हे मानाचे कसबी होते, त्यांच्या संघटना भक्कम होत्या. रिंगचे काम अखंड चालते, जास्त वेगाने चालते, आणि तिला तितका मुरलेला हात लागत नाही. त्यामुळे इंग्लंडमधले यंत्र बनवणारेही तिच्याबद्दल फारसे उत्सुक नव्हते. नागपुरात म्यूलवर पोट असलेली जुनी पिढीच नव्हती, म्हणून इथे रिंग लवकर रुजली. कसबी माणूस नव्या गोष्टीला विरोध करतो असे आपण सहज म्हणतो. त्याच्या विरोधामागे बहुतेक वेळा त्याची चूल असते, हे म्हणत नाही.

गिरणीच्या सुताने दोन गोष्टी केल्या. घरोघरी सूत कातणाऱ्या बायांचे काम बुडाले. आणि हातमागाच्या विणकराला पहिल्यांदाच असे सूत मिळाले, जे पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत सारखे होते. त्याने ते आनंदाने घेतले. गिरणीच्या कापडाशी त्याची स्पर्धा होती, पण गिरणीच्या सुताशी त्याचे जमले. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढची सगळी भांडणे इथून निघतात.

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले. काँग्रेसनगर हे नाव त्याचीच आठवण. असहकाराच्या ठरावावर इथे शिक्कामोर्तब झाले आणि त्या कार्यक्रमात घरोघरी सूत कातणे आणि हातमागावर कापड विणणे हेही होते. पुढच्या वर्षी बेझवाड्याला देशात २० लाख चरखे चालू करण्याचे ठरले. १९२३ मध्ये नागपुरातच झेंडा सत्याग्रह झाला आणि त्या झेंड्यावर चरखा होता. सूत कातणे ही आता देशभक्तीची खूण झाली. वकील, डॉक्टर, मास्तर, विद्यार्थी, घरंदाज बायका चरख्यावर बसल्या. एवढ्या मोठ्या संख्येने हौशी माणसांनी एकाच वेळी एका कसबात हात घातल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

स्वतः गांधीजींनी याची सुरुवात कशी झाली ते 'सत्याचे प्रयोग'मध्ये मोकळेपणाने सांगितले आहे. १९१५ मध्ये ते आफ्रिकेतून परतले तेव्हा त्यांनी चरखा प्रत्यक्ष पाहिलाही नव्हता. आश्रमात माग आणले, पण आश्रमातले सगळे एकतर शिकले-सवरलेले किंवा व्यापारी, कारागीर एकही नाही. शेवटी पालनपूरचा एक विणकर शिकवायला मिळाला. त्याने शिकवले, पण आपली विद्या सगळी दिली नाही. मगनलाल गांधींना यंत्राची उपजत जाण होती, त्यांनी उरलेले खटपट करून मिळवले. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखा शोधून काढला. पेळू बनवायला पिंजारी हवा होता, तोही त्यांनी शोधला. त्याने महिना ३५ रुपये मागितले. गांधीजी पैशापैशाचा हिशेब ठेवणारे, पण त्यांनी ही रक्कम बिनतक्रार दिली.

पालनपूरच्या त्या विणकराचा मला राग येत नाही. त्याची विद्या हीच त्याची जमीन होती आणि तिचा सातबारा कुठे नोंदलेला नव्हता. समोर बसलेल्या बॅरिस्टरांना आणि व्यापाऱ्यांना ती उद्या जमली नाही तरी त्यांचे काही बिघडणार नव्हते. मगनलालांनी मात्र शिकलेले सगळे लिहून काढले. १९२४ मध्ये त्यांचे 'चरखा शास्त्र' आले, दोन वर्षांनी रिचर्ड ग्रेग यांच्याबरोबर टकळीवरचे पुस्तक. हौशी माणसाचा हा मोठा गुण. त्याला विद्या लपवण्याचे कारण नसते आणि सगळे पहिल्यापासून शिकावे लागल्यामुळे कुठे अडते ते त्याला आठवत असते. कसबी माणसाला गाठ कशी मारता विचारा, तो मारून दाखवेल. सांगता येईलच असे नाही.

जून १९२४ मध्ये अहमदाबादेत ठरले की काँग्रेसच्या पदाधिकाऱ्यांनी रोज अर्धा तास कातावे आणि महिन्याला २००० वार सूत खादी मंडळाकडे पाठवावे. सूत एकसारखे आणि नीट पीळ दिलेले असावे, अशी अटही ठरावातच होती. त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावच्या अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, काँग्रेसचे सभासदत्वच महिन्याला २००० वार सुताशी जोडले गेले. ज्याला कातायचे नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले द्यावे, अशी सवलत होती. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला चार आण्यांची वर्गणी पर्याय म्हणून परत आली आणि चरखा संघ स्थापन झाला.

आता हे सूत विणकराच्या हातात दिले तर काय होते, याचा हिशेब करून पाहू. गणिताच्या सरांना आवडेल असा साधा हिशेब आहे. नऊवारी लुगडे घ्या, पन्हा ४५ इंच, इंचाला ४० धागे. म्हणजे ताण्यात १८०० धागे, प्रत्येक ९ वार लांब. नुसत्या ताण्यालाच १६,२०० वार सूत लागले. महिन्याला २००० वार देणाऱ्या आठांहून जास्त सभासदांची महिन्याची कमाई एका लुगड्याच्या ताण्यात गेली. आणि ते आठ-नऊ जण एका हाताचे नाहीत. एकाचे सूत १२ नंबरचे, दुसऱ्याचे १८ चे. (सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या भरतात तो आकडा. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक.) एकाचा पीळ घट्ट, दुसऱ्याचा सैल. आठ-नऊ जणांचे हस्ताक्षर एका ओळीत लिहावे, तसा तो ताणा.

पुढे पाहा. समजा प्रत्येक धागा पूर्ण ९ वारांत फक्त एकदाच तुटला. कातणाऱ्याला हे सूत उत्तमच वाटेल. विणकराला १८०० गाठी माराव्या लागतील. माग थांबवायचा, तुटलेले टोक शोधायचे, फणीतून ओवायचे, गाठ मारायची. मुरलेल्या हाताला अर्धा मिनिट धरले तरी १५ तास झाले, नुसत्या गाठींचे. सूत याहून खूप चांगले असले आणि १०० वारांत एकदाच तुटले, तरी १६२ गाठी आणि सव्वा तासावर. विणकराला परवडते ते याच्याही पुढचे सूत. चरख्यावर बसलेल्या वकीलसाहेबांना धागा तुटला तर क्षणभर चुकचुकायला होते. तोच धागा मागावर तुटला की विणकराच्या दिवसाचे वार कमी होतात.

म्हणून विणकर हातसूत घ्यायला नाखूष होते. त्यांना स्वराज्य नको होते, असे नाही. खादीच्या सुरुवातीच्या काळात ताणा गिरणीच्या सुताचा आणि बाणा हातसुताचा, अशी तोड निघाली होती, कारण ओढ आणि घासणी ताण्यालाच सोसावी लागते. देशभक्तांनी याला कधी विणकराचा हट्ट म्हटले, कधी स्वार्थ. पण विणकर जे म्हणत होता ते अगदी तांत्रिक होते. हे सूत नंबरात एक नाही, पिळात एक नाही, यावर माझे घर चालणार नाही. चळवळीने ते हळूहळू ऐकले. नंबर, मजबुती आणि सारखेपणा या तीन कसोट्यांवर सूत तपासले जाऊ लागले. हौशी कामाला कसबी माणसाची कसोटी लागली, आणि खादी सुधारली ती तिथून.

माझ्या व्यवसायामुळे मला फार आवडणारा एक प्रसंग यानंतरचा आहे. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके हवे, हाताने किंवा पायाने चालणारे हवे. खेड्यातल्या बाईला त्यावर आठ तास फार न थकता काम करता यावे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे. किंमत १५० रुपयांहून जास्त नसावी. देखभाल केली तर २० वर्षे टिकावे. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला गणेश भास्कर काळे यांनी या अटी समोर ठेवून यंत्र बनवले. त्याची बरीच परीक्षा झाली, पण सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळाले नाही. आजही ती यादी वाचताना जाणवते की ती लिहिणाऱ्यांनी यंत्राचा विचार यंत्रापाशी थांबवला नाही. ते वापरणारी बाई, तिची पाठ, तिचा पैसा आणि वीस वर्षांनंतरची दुरुस्ती, हे सगळे त्यात आहे. आमच्याकडे ग्राहकाच्या गरजांची जी कागदपत्रे येतात, त्यांतली फार थोडी या तोडीची असतात.

या सगळ्यात एक माणूस असा होता, ज्याने हौशी आणि कसबी यांच्यातली भिंत स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिली. विनोबा १९३० च्या दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहत होते. सूत कातण्यात ते तोवर चांगले तयार झालेले होते. त्यांनी ठरवले की कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्याच पैशांत आपण राहायचे. रोज तासन् तास कातायचे आणि जे मिळेल त्यात जेवायचे. मिळकत इतकी थोडी होती की पुरे जेवण त्यात बसेना. चांगले कातणाऱ्या माणसाचेही पोट भरत नसेल, तर दोष हाताचा नाही, दराचा आहे, हे यातून दिसले. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचे ठरवले, त्यामागे गांधीजींचा आग्रह होता. ज्या बाया चळवळीच्या कितीतरी आधीपासून पोटासाठी कातत होत्या, त्या खऱ्या कसबी. त्यांचे कसब मोजायला एका हौशी माणसाला आधी त्यांच्या ताटावर बसावे लागले.

आता शाळेकडे येते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. मुलांचे शिक्षण एखाद्या हस्तोद्योगातून व्हावे, आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्चही निघावा, अशी गांधीजींची कल्पना. नई तालीम ती हीच. परिषदेत सगळे हो म्हणणारे नव्हते. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी विचारले की शाळेतली मुले माल करून बाजारात विकू लागली तर ज्यांचे पोट त्याच मालावर आहे त्या कारागिरांचे काय? मुलांना कच्चा माल, जागा, मास्तर सगळे फुकट. कारागिराला यातले काही फुकट नाही. झाकिर हुसेन यांनीही इशारा दिला की खर्च भागवण्याच्या नादात मास्तर मुलांकडून राबवून घेतील. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने कताई-विणाईचा सविस्तर अभ्यासक्रम तयार केला.

शहांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. फुकट काम करणारा हौशी माणूस बाजारात उतरला की पहिला मार कसबी माणसाच्या मजुरीला बसतो. हे मुलांच्या सुताइतकेच लग्नाचे फोटो काढणाऱ्या भाच्याला आणि फुकट वेबसाइट करून देणाऱ्या शेजाऱ्यालाही लागू आहे.

स्वातंत्र्यानंतर ही योजना पातळ होत गेली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द दिला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हा. आपल्यापर्यंत आला तो आठवड्याचा एक तास. टकळी, पेळू, खडू बनवणे, कागदी फुले. सहामाहीला श्रेणी. आपण तो तास मजेचा म्हणून लक्षात ठेवला आहे, आणि मजा होतीच.

त्याच वर्गात तांडापेठ आणि पाचपावलीकडून येणारी मुले होती. काहींच्या घरी माग होते. त्यांतली एक मैत्रीण या संमेलनाला येणार आहे, म्हणून तिचे नाव लिहीत नाही, ती ओळखेल. आमच्या टकळीचे सूत तिने बोटांच्या चिमटीतून नुसते फिरवले आणि म्हणाली, "हे ताण्यात नाही चालत. बाण्यातही बाबा नाही घेणार." मग तुटलेली दोन टोके घेऊन तिने विणकराची गाठ मारली, आम्हाला बोटे हललेली दिसायच्या आत. ती गाठ चपटी आणि लहान असते, फणीतून अडल्याशिवाय जाते. बाईंनी तिला पुढे बोलावून सगळ्यांना गाठ शिकवायला लावली, याबद्दल मला बाईंचा आजही आदर वाटतो. प्रगतिपुस्तकावर मात्र त्या विषयाची श्रेणी आम्हा सगळ्यांची एकच होती. तिच्या घरचा माग आपण नववीत असताना विकला गेला. एम्प्रेस मिल टाटांकडून १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली होती, ती २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे आणि आपल्यातले बहुतेक जण तिथे सिनेमाला गेलेले आहेत.

मी गेली वीसेक वर्षे सॉफ्टवेअर लिहिते. हा धंदा हौशी माणसांचा ऋणी आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून सुरू केलेले लिनक्स आज जगातल्या बहुतेक मोठ्या संगणकांवर चालते. पण ते तिथवर पोचले, कारण त्यात येणारी प्रत्येक ओळ दुसरा कुणीतरी तपासतो आणि आवडली नाही तर परत पाठवतो. आमच्याकडे नवी मुले येतात तेव्हा चालणारा कोड लिहिणे त्यांना येत असते. दोन वर्षांनी रात्री दोन वाजता दुसऱ्याला तो वाचायचा आहे, हे ठाऊक नसते. ते कळले की पोरगा कसबी झाला, असे मी मानते. पदवी, अनुभवाची वर्षे, पगार हे सगळे त्यानंतर.

शेवटी एक सूचना, समितीने रागावू नये. संमेलनाच्या निधीतून शाळेला काय द्यावे यावर गटात संगणक, पाण्याचे यंत्र, कमान अशा सूचना आल्या आहेत. माझी सूचना अशी की एक हातमाग द्यावा, आणि त्याच्याबरोबर तो चालवणारा माणूस. नागपुरात असे विणकर आजही आहेत. हातमाग महामंडळाचे मुख्य कार्यालय आणि विणकर सेवा केंद्र दोन्ही याच शहरात आहेत, माणूस मिळायला अडचण पडू नये. त्याला एका सत्रासाठी शाळेत बोलवावे, शिक्षकाला देतो तितका पगार द्यावा, मानधन नव्हे. विजापूरच्या पिंजाऱ्याने ३५ रुपये मागितले तेव्हा घासाघीस झाली नव्हती, आपणही करू नये. मुलांनी टकळीवर कातलेले सूत त्याच्या मागावर चढवावे, आणि ते कितीदा तुटते ते मुलांनी शेजारी बसून मोजावे. गाठ शिकवायला आपली मैत्रीण तयार आहे. मी तिला विचारले आहे.